काळ्या पाण्यावरची काशीबाई

(आटपाडी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

32778 हा आकडा महाराष्ट्रात अनेकांना तोंडपाठ असतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये विनायक दामोदर सावरकरांच्या गळ्यात जो बिल्ला अडकवला होता, त्यावरचा हा कैदी क्रमांक. शिक्षा कधी झाली, सुटका कधी व्हायची, तेही त्या बिल्ल्यावर होते. सुटकेचे साल होते 1960. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या माणसाला काळे पाणी म्हटले की कोलू, काथ्या आणि जेलर बारीसाहेब आठवतो. आपल्या मनातले काळे पाणी हे असे राजकीय कैद्यांचे आणि पुरुषांचे आहे.

सावरकरांच्या सुमारे अर्धशतक आधी पुण्याच्या सेशन कोर्टाने एका स्वयंपाकिणीला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. तिचा क्रमांक कुणाला पाठ नाही. ज्या पत्रामुळे ती आज आपल्याला माहीत आहे, त्या पत्रात तिच्या बापाचे नाव नाही, नवऱ्याचे नाही, आडनाव नाही, गाव नाही. एवढेच आहे की ती ब्राह्मण, विधवा, तरुण, चांगल्या घरातली होती आणि तिचे नाव काशीबाई होते.

पत्र लिहिणारे गृहस्थ जोतीराव फुले. तारीख 4 डिसेंबर 1884.

हे पत्र लिहिण्याचा प्रसंग वेगळाच होता. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने ऑगस्ट 1884 मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे काढली. सरकारने ती जाणत्या मंडळींकडे मतासाठी पाठवली. देशभरातून उत्तरे आली. बरीचशी उत्तरे शास्त्राधार, रूढी आणि सरकारने यात पडावे की पडू नये याभोवती फिरणारी. फुल्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या मतात शास्त्राचा काथ्याकूट केला नाही. त्यांनी एका घराच्या मागच्या विहिरीकडे बोट दाखवले.

घर होते त्यांचे स्नेही रावसाहेब सदाशिव बल्लाळ गोवंडे यांचे. गोवंडे इनाम कमिशनमध्ये अधिकारी. त्यांच्याकडे काशीबाई स्वयंपाकाला होती आणि कित्येक महिने नीट वागून राहिली होती. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. आधी तिने दाद दिली नाही, शेवटी फसली. दिवस गेले. मग त्याच शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधे घेतली, कशाचाच उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. बदनामीच्या धास्तीने तिने सुरीने त्याचा जीव घेतला, आणि ते प्रेत धन्याच्या घरामागच्या विहिरीत गेले. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला धरले. खटला पुण्याच्या सेशन कोर्टात चालला. शिक्षा जन्मठेप काळे पाणी.

पत्रातली हकिकत एवढीच. इंग्रजी मजकुराचा जेमतेम एक परिच्छेद.

हा परिच्छेद पुरावा म्हणून वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक तर फुले हे घटनेनंतर वीसएक वर्षांनी लिहीत आहेत आणि सरकारला काहीतरी पटवून देण्यासाठी लिहीत आहेत. काशीबाई देखणी होती, मूलही गोंडस होते, ती आधी निष्कलंक होती, ही विशेषणे साहेबाच्या मनाला पाझर फुटावा म्हणून निवडलेली आहेत. त्यात गैर काही नाही. पण कोर्टाच्या कागदात अशी विशेषणे सापडणार नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या हकिकतीत गोवंड्यांचे नाव, हुद्दा, खाते सगळे आहे. काशीबाईचे नाव आहे. शास्त्रीबुवांचे नाव नाही. फुल्यांना ते ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पण ज्याच्यावर खटला नाही, त्याचे नाव सरकारी कागदात घालणे सोपे नसते. औषधे कुणी सुचवली, कुणी आणून दिली, हा प्रश्न फौजदारी कायद्याला विचारता आला असता. गर्भपात करवणाऱ्याला शिक्षा देणारे कलम भारतीय दंडसंहितेत होते. शास्त्रीबुवांच्या नावाचा कागद मात्र तयार झाल्याचे दिसत नाही. दप्तरखान्यात बायकांचा शोध घेणाऱ्याला हे पदोपदी जाणवते: बाईची फाइल असते, तिला तिथवर आणणाऱ्याची नसते.

आता काशीबाईसारख्या बाईचा माग कागदोपत्री काढायचा तर सुरुवात कुठून करायची? पहिला प्रश्न सालाचा. फुल्यांनी खटल्यानंतर लगेचच आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याचे साल चरित्रग्रंथांत सामान्यतः 1863 दिलेले असते. म्हणजे खटला त्या वर्षी किंवा त्याच्या जरा आधी. हे ‘जरा आधी’ फार नडते. कारण 1 जानेवारी 1862 ला भारतीय दंडसंहिता लागू झाली. त्याआधी मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळातले 1827 चे चौदावे रेग्युलेशन चालत होते. वरचे कोर्टही त्याच वर्षी बदलले: सदर फौजदारी अदालत गेली आणि ऑगस्ट 1862 मध्ये मुंबई हायकोर्ट आले. खटला डिसेंबर 1861 चा की फेब्रुवारी 1863 चा, यावर कोणत्या खात्याचे, कोणत्या कोर्टाचे बाड उघडायचे ते ठरते.

नव्या दंडसंहितेत बाळंतपण लपवण्याशी संबंधित तीन वाटा होत्या, आणि तिन्हींचा शेवट अगदी वेगळा होता. मेलेले मूल गुपचूप पुरून किंवा टाकून जन्म लपवला तर कलम 318. जास्तीत जास्त दोन वर्षे. जिवंत मूल उघड्यावर टाकून दिले तर कलम 317, सात वर्षांपर्यंत. मूल मारले तर कलम 302; फाशी नाहीतर जन्मठेप काळे पाणी. एकाच बाईवर, एकाच रात्रीच्या घटनेबद्दल, पंचनामा कसा लिहिला गेला आणि डॉक्टरने मूल जिवंत जन्मले होते की मृत याबद्दल काय सांगितले, यावर ती दोन वर्षांनी घरी येणार की समुद्रापार जाणार हे ठरत होते. इंग्लंडने 1922 मध्ये वेगळा कायदा करून, प्रसूतीच्या धक्क्यातून न सावरलेल्या आईने नवजात मुलाला मारले तर तो खून न मानण्याची सोय केली. भारताच्या दंडसंहितेत आईसाठी अशी वेगळी तरतूद आली नाही.

यात शोधकर्त्यासाठी एक विचित्र व्यवहार आहे. फाशीची शिक्षा झाली की ती कायम करण्यासाठी खटल्याचे कागद वरच्या कोर्टात जावेच लागत. मग त्यावर न्यायमूर्तींचे शेरे, दयेचे अर्ज, गव्हर्नरचे मत, असे कागदावर कागद चढत. काळ्या पाण्याच्या शिक्षेला ही सक्ती नव्हती. अपील केले तर कागद पुढे सरकणार, नाहीतर जिल्ह्यातच राहणार. अपील करायला वकील लागतो, पैसा लागतो, बाहेर धावपळ करणारे कुणीतरी लागते. ज्या विधवेने बदनामीच्या भीतीने मूल मारले, तिच्यासाठी तिच्या घरचे कोण कोर्टाची पायरी चढणार? जीव वाचला म्हणून तिचा कागद तोकडा राहिला, असे म्हणावे लागते.

हा तर्क किती खरा आहे ते सुरतेच्या एका खटल्यावरून दिसते. 1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेला याच गुन्ह्यासाठी सुरतेच्या कोर्टाने फाशी सुनावली. प्रकरण वर गेले, फाशीचे जन्मठेप काळे पाणी झाले. वर्तमानपत्रांनी विषय उचलला, अर्ज गेले, आणि सरकारने शिक्षा पाच वर्षांवर आणली. गुन्हा तोच, जात तीच, वैधव्य तेच. मध्ये वीस वर्षे गेली होती आणि वर्तमानपत्रे वाढली होती. ‘पुणे वैभव’सारख्या पत्राने मात्र या निमित्ताने सगळ्या बायकांनाच धारेवर धरले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उसळल्या. त्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाली. प्रती 500, किंमत नऊ आणे. टीका इतकी झाली की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. त्यांच्या बाजूने ‘सत्सार’मधून जाहीरपणे लिहिले ते फुल्यांनी. पुढे पुस्तक विस्मरणात गेले ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. म्हणजे विजयालक्ष्मीच्या वाट्याला हायकोर्ट आले, छापखाने आले, मराठीतले एक धारदार पुस्तक आले. काशीबाईच्या वाट्याला एक परिच्छेद.

पण त्या परिच्छेदाच्या पुढचा मजकूर वाचला पाहिजे. काशीबाईच्या खटल्यानंतर फुल्यांनी जुन्या गंजातल्या आपल्या राहत्या जागेत बाळंतिणींसाठी घर उघडले. त्याच्या छापील जाहिराती पुण्याच्या ब्राह्मण वस्तीत, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या: विधवांनी इथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. जाहिरातीच्या प्रती त्यांनी पत्राला जोडल्या होत्या. आणि मग हिशेब दिला. तेव्हापासून 1884 पर्यंत 35 गरोदर विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांची पाच मुले जगली. 30 गेली. कारणही त्यांनी लिहिले आहे: पोट लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुले गर्भातच अधू झाली होती.

इथे काशीबाईची औषधे पुन्हा समोर येतात. तिने घेतलेली औषधे लागू पडली नाहीत म्हणून मूल जिवंत जन्मले. तिच्यानंतरच्या पस्तीस जणींपैकी तीस जणींची मुले तशाच औषधांनी गेली. पुण्यात अशी औषधे देणारी माणसे असणार, त्यांचा धंदा चालत असणार आणि गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना पक्के ठाऊक असणार. एका खटल्यातून आणि एका घराच्या जमाखर्चातून शहराची अशी आतली बाजू दिसते. फुल्यांच्या पत्रातला सर्वात वजनदार भाग कोणता, असे विचारले तर काशीबाईच्या कहाणीपेक्षा हे दोन आकडे, पस्तीस आणि पाच, असेच उत्तर द्यावे लागेल.

या घराशी आणखी एक काशीबाई जोडलेली आहे, आणि तिथे भले भले घसरतात. 1874 च्या सुमारास त्या घरात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. त्याच्या आईचे नावही काशीबाई. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात, शाळेच्या भाषणांत आणि काही छापील लेखांतही या दोघींची एकच बाई करून टाकलेली आढळते: काळ्या पाण्याची शिक्षा झालेली काशीबाई हीच यशवंताची आई. पण पहिलीच्या खटल्यामुळे जे घर निघाले, त्या घरात दहाएक वर्षांनी दुसरी आली. पहिलीचे मूल विहिरीत गेले, दुसरीचे मूल डॉक्टर झाले. तारखांची साधी गाठ घातली की घोळ सुटतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात काशी, गंगा, यमुना, भागीरथी या नावाच्या विधवा दर आळीत असणार. नुसत्या नावावर विसंबून माग काढणाऱ्याला दप्तरखाना हमखास चकवतो. खटल्याचे साल, कोर्ट, कलम आणि शिक्षेची तारीख हातात नसेल तर नाव काही कामाचे नाही.

शिक्षा झाल्यावरचा प्रवास सरकारी कागदांच्या आधाराने सांगता येतो, कारण तो सगळ्याच कैद्यांचा ठरावीक असे. जिल्ह्याच्या तुरुंगातून वॉरंटासह बंदराकडे रवानगी. मुंबई इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी ठाण्याच्या तुरुंगात ठेवत. सावरकरही अंदमानला जाण्याआधी तिथे होते. पुणे ते खंडाळा आगगाडी 1858 पासून धावत होती, पण बोरघाटातला लोहमार्ग एप्रिल 1863 मध्ये खुला झाला. त्याआधी नेलेल्या कैद्याला घाट पायी किंवा गाडीने उतरावा लागे, नंतरच्याला आगगाडीने. कैदी बाई कोणत्या महिन्यात निघाली यावर असे बारीकसारीक तपशील ठरतात, आणि चरित्र अशाच तपशिलांनी उभे राहते.

पोर्ट ब्लेअरची वसाहत 10 मार्च 1858 ला सुरू झाली. डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर 200 कैदी घेऊन ‘सेमिरॅमिस’ जहाजाने उतरले ते 1857 च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर. थोड्याच वर्षांत तिथे राजकीय कैद्यांपेक्षा खून, दरोडे यांतले कैदी जास्त झाले. बायका अगदी कमी. ज्या होत्या त्यांतल्या पुष्कळशा खुनाच्या शिक्षेच्या, आणि खून बहुधा नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. वसाहत चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना हा बायकांचा तुटवडा सतत सतावत होता. पुरुष कैदी शेतीवर स्थिर व्हायचा तर त्याला घर हवे, घरासाठी बायको हवी. म्हणून कैदी बाई ही सरकारच्या दृष्टीने शिक्षा भोगणारी व्यक्ती होतीच, शिवाय वसाहतीच्या सोयीची वस्तूही होती.

पुढे स्थिरावलेले नियम असे होते. बाईने स्त्रियांच्या तुरुंगात राहायचे. साउथ पॉइंटला हा तुरुंग होता आणि तिथे कापड विणण्याचे काम चाले. पाच वर्षे झाली की तिला लग्नाची किंवा कुणाच्या घरी चाकरीची परवानगी मिळू शकत असे. लग्न अर्थातच कैद्याशी, तेही आपल्या पायांवर उभे राहण्याची सवलत मिळालेल्या. लग्न केलेल्या बाईला पंधरा वर्षांनी नवऱ्यासह वसाहत सोडता येई, पण नवऱ्याचीही मुदत भरेपर्यंत थांबावे लागे. लग्न न केलेल्या बाईला वीस वर्षे.

हा नियम महाराष्ट्रातल्या ब्राह्मण विधवेला लावून पाहावा. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला होता. तरी पुण्यात, साताऱ्यात, वाईत तिने लग्नाचे नाव काढले असते तर केशवपन झालेल्या डोक्यावर आणखी काय काय आले असते ते सांगायला नको. तिला चोरून झालेले मूल मारावे लागले ते लग्न करता येत नव्हते म्हणून. आणि शिक्षा म्हणून जिथे पाठवले तिथे सरकार सांगत होते की लग्न कर, म्हणजे तुरुंगाबाहेर येशील आणि पाच वर्षे आधी सुटशील. गावाने जे पाप ठरवले ते पोर्ट ब्लेअरमध्ये चांगल्या वर्तणुकीचे लक्षण झाले. यात बाईची मर्जी किती आणि सुपरिंटेंडेंटची गरज किती, हे लग्नाच्या नोंदीत लिहिलेले नसते. पण अंदमानात आजही स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवणारी हिंदुस्थानी बोलणारी जी जुनी कुटुंबे आहेत, ती अशा लग्नांतून वाढली. त्यांच्या आज्या-पणज्यांत मुंबई इलाख्यातल्याही बायका होत्या.

अंदमानातली मूळ दप्तरे पूर्ण हाती लागत नाहीत, त्याला इतिहास आहे. 23 मार्च 1942 ला जपानी सैन्याने पोर्ट ब्लेअर घेतले आणि 1945 पर्यंतच्या त्या काळात तिथले बरेच जुने कागद नष्ट झाले. सुदैवाने इंग्रज सरकार कागदाच्या एका प्रतीवर समाधान मानणारे नव्हते. वसाहतीचे अहवाल आणि पत्रव्यवहार कलकत्त्याला जात. ते आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या बाडांत आहेत आणि त्यांतला काही भाग ‘अभिलेख पटल’वर मोबाइलवरही पाहता येतो. मुंबई सरकारच्या न्यायखात्याची बाडे काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या प्रती आहेत. या सगळ्या ठिकाणी बाड वर्षावर आणि खात्यावर मागायचे असते, बाईच्या नावावर नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला याची सवय व्हायला वेळ लागतो.

हे काम करून काय साधते, असा प्रश्न येतोच. टास्मानियाचे उदाहरण घ्यावे. 1788 ते 1868 या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला सुमारे 1,62,000 कैदी पाठवले, त्यांत सुमारे 25,000 बायका. लिनन चोरल्याबद्दल, पाकीट मारल्याबद्दल गेलेल्या या बायकांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, जहाजावरची वर्तणूक, प्रत्येक मालकाकडची तक्रार टास्मानियाच्या नोंदवह्यांत आहे. त्या नोंदी युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेल्या आहेत. होबार्टच्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत आज पर्यटक जातात आणि आपली पणजी कैदी होती हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. शंभर वर्षांपूर्वी तेच लोक ही गोष्ट लपवत होते. आपल्याकडे लपवण्याचा टप्पा अजून संपलेला नाही, आणि त्यात जात, वैधव्य आणि बालहत्या हे तिन्ही विषय एकत्र आले की घरातली माणसेच कागद फाडून टाकतात.

साताऱ्याच्या डोंगरात मात्र काळ्या पाण्याची एक उलटी खूण उघड्यावर आहे. महाबळेश्वरचा ‘चायनामन फॉल’ सहलीला गेलेल्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. इथल्या गुन्हेगारांना सिंगापूर-पिनांगला पाठवत, आणि तिकडच्या चिनी, मलायी गुन्हेगारांना इकडे. 1830 च्या दशकात महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग झाला आणि 1864 पर्यंत चालला. या कैद्यांनी तिथे बटाटे आणि साहेबांच्या आवडीच्या भाज्या लावल्या. कुणाच्या तरी गावाहून हजारो मैल दूर असलेले काळे पाणी म्हणजे आपले महाबळेश्वर होते. त्या चिनी माणसांच्या नावाने निदान धबधबा राहिला.

आटपाडीपासून जवळ असलेल्या पंढरपुरात काशीबाईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरे घर उभे राहिले. प्रार्थना समाजाशी संबंधित लालशंकर उमियाशंकर न्यायखात्यात होते. यात्रेच्या गावात टाकून दिलेली मुले आणि लपून बाळंत होणाऱ्या विधवा त्यांच्या नजरेसमोर होत्या. 1875 मध्ये तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले, आणि ते आज वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने चालते. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या माणदेशातल्या माणसांना हे नाव ऐकून माहीत असते, पण त्याची नाळ पुण्यातल्या त्या विहिरीपर्यंत जाते हे क्वचितच लक्षात येते.

आणि आटपाडी म्हटले की स्वतंत्रपूर आलेच. औंध संस्थानात 1939 मध्ये, भवानराव पंतप्रतिनिधी आणि आप्पासाहेब पंत यांच्या पाठिंब्याने, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून कैद्यांची खुली वसाहत झाली. भिंती नाहीत, साखळदंड नाहीत, कसायला जमीन, आणि सोबत कुटुंब. व्ही. शांतारामांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर आधारलेला आणि त्याची कथा गदिमांची. त्यांचा जन्म याच तालुक्यातल्या शेटफळेचा. चित्रपटाने स्वतंत्रपूर जगभर नेले. अंदमानशी ताडून पाहिले तर या प्रयोगाचे मोठेपण आणखी कळते. दोन्ही ठिकाणी सरकारचा हिशेब एकच होता, की बायको-मुले असलेला माणूस पळत नाही. फरक असा की पोर्ट ब्लेअरने त्यासाठी कैदी बायका लग्नाला उभ्या केल्या, आणि औंधने कैद्याची स्वतःची बायको त्याच्याजवळ येऊ दिली. ‘जन्मठेप काळे पाणी’ ही शिक्षा कायद्यातून जायला मात्र 1 जानेवारी 1956 उजाडावा लागला.

श्रोतेहो, या भागातल्या काशीबाई कोण होत्या हे शोधण्याचे काम पुण्या-मुंबईच्या संशोधकांवर सोडून चालणार नाही. साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले, तेव्हापासून सातारा जिल्ह्यात इंग्रजी कोर्टे होती. आटपाडी 1948 पर्यंत औंधची, मग दक्षिण साताऱ्याची, मग सांगलीची. औंधचा पोलिटिकल एजंट म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर, त्यामुळे संस्थानातल्या गंभीर गुन्ह्यांचे कागद एजंटाच्या पत्रव्यवहारातही पाहायला हवेत. सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-1’ दहा, ‘क’ पाच, ‘ड’ एक वर्ष. जुनी तुरुंग-नोंदवही चुकीच्या वर्गात पडली की ती रद्दीच्या गाड्यावर जाते आणि तिच्याबरोबर अशी एखादी बाई कायमची जाते.

म्हणून आटपाडी, विटा, कराड, सातारा इथल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एक विनंती आहे. 1862 ते 1900 या काळातल्या सेशन कोर्टाच्या आणि तुरुंगाच्या ज्या नोंदवह्या अजून शिल्लक असतील त्या परवानगी घेऊन पाहाव्यात. कलम 302, 317 आणि 318 खाली आरोपी स्त्री असलेली प्रत्येक नोंद उतरवून घ्यावी: नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, वय, शिक्षेची तारीख, रवानगी कुठे झाली. आज त्या घराण्यांत जी माणसे आहेत त्यांची नावे छापू नयेत. आणि नोंदीत त्या प्रकरणातल्या पुरुषाचे नाव आले असेल, तर तेही त्याच ओळीत लिहावे.